डोंगराची दोन्ही अंगं

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मेळघाटाकडच्या सातपुड्यावरून राज्याची सीमा जात नव्हती. १९०३ साली वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला आणि तेव्हापासून मेळघाट, बैतूल, निमाड, छिंदवाडा, पचमढी या सगळ्या मुलखाचा कारभार नागपुरातून चालत आला. उन्हाळा तापला की सरकारी दप्तर पचमढीला हलायचं. मग राज्यपुनर्रचना झाली. विदर्भ आधी द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १ मे १९६० ला महाराष्ट्रात आला, आणि डोंगरातून, काही ठिकाणी नदीच्या पात्रातून, एक रेघ ओढली गेली. रेघेच्या अलीकडे चिखलदरा आणि धारणी हे अमरावती जिल्ह्यातले तालुके, पलीकडे बैतूल, खंडवा, बुऱ्हाणपूर. रेघेच्या दोन्ही अंगांना कोरकू आदिवासींची वस्ती. सोयरीक, बाजार, देव, जत्रा, सगळं पूर्वीसारखंच आरपार चालू राहिलं. बदलला तो पाट्यांवरचा मजकूर आणि कचेरीचा पत्ता.

नागपूरच्या धंतोलीत राहणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. इथल्या दवाखान्यांच्या दारात सकाळपासून बैतूल, छिंदवाडा, बालाघाटच्या गाड्या लागतात. मुलताई-पांढुर्ण्याकडची मराठी आणि इकडची हिंदी फुटपाथवरच्या चहाच्या टपरीवर एकमेकींत मिसळतात. दुखणं आलं की डोंगरातला माणूस अजूनही नागपूरचाच रस्ता धरतो, राजधानी जाऊन इतकी वर्षं झाली तरी. उलट दिशेने मात्र आपण क्वचित जातो. गेलोच तर चिखलदऱ्याला दोन दिवस, पावसाळ्यात, धुकं पाहायला. हे पुस्तक त्या उलट दिशेच्या प्रवासाचं आहे. नरनाळ्यापासून मुक्तागिरीपर्यंत, चिखलदऱ्यापासून कुकरूपर्यंत, आणि शेवटी थेट पचमढीच्या महादेवापर्यंत पसरलेला हा सगळा सीमेवरचा सातपुडा त्यातल्या लेखांनी पायाखाली घातला आहे.

माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडतो. नागपूरहून पाहिलं तर मेळघाट एका टोकाला पडतो. भोपाळहून पाहिलं तरी टोकालाच, आणि मुंबईहून तर तो नकाशाच्या कडेला जेमतेम दिसतो. पण तिथे राहणाऱ्या माणसाच्या हिशेबात तो मुलूख जगाच्या मधोमध आहे. त्याच्या दक्षिणेला पूर्णेचं खारपाण मैदान, उत्तरेला तापी आणि तिच्यापलीकडे नर्मदेचं खोरं. खाली मीठ, कापड आणि मजुरी मिळते. वर देव, मोह आणि माणसं असतात. प्रवासी त्या मधोमध जाऊन उभा राहिला, तिथून त्याने अमरावतीकडे आणि नागपूरकडे पाहिलं, तर त्याला काही दिसेल. एरवी धबधबे दिसतील, आणि धबधबे इतर ठिकाणीही आहेत.

परतवाडा सोडलं की रस्ता चढायला लागतो. वऱ्हाडच्या काळ्या सपाट रानातून गाविलगडचे डोंगर एकदम भिंतीसारखे उठतात. हा सगळा काळा बेसाल्ट. माथ्यावर चिखलदरा अकराशे मीटरच्या आसपास, त्याच्याजवळचं वैराट ११७८ मीटर. या माथ्याच्या उत्तर उतारावर जे पाणी पडतं ते खंडू, खापरा, सिपना, गाडगा आणि डोलार या पाच नद्यांतून तापीला मिळतं. तापी उगम पावते मुलताईला, म्हणजे मध्य प्रदेशात. काही अंतर ती दोन राज्यांची हद्द सांभाळते, मग खानदेशात उतरून गुजरातेत समुद्राला मिळते. पाण्याच्या बाजूने विचार केला तर मेळघाटातला पाऊस सुरतेचा आहे. नद्यांच्या या रचनेमुळेच इथल्या जंगलाकडे वेळीच लक्ष गेलं असावं. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा देशातली जी पहिली नऊ जंगलं निवडली गेली त्यांत मेळघाट होतं, महाराष्ट्रातलं एकटं.

हे जंगल ताडोबासारखं नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. ताडोबात जिप्सीतून वाघ दिसतो. मेळघाटात दिसेलच असं नाही. चढउतार फार, सागाची आणि बांबूची दाटी फार, आणि जनावरं लाजरी. दर वर्षी वाघ दिसला नाही म्हणून नाराज होऊन परतणारी मंडळी पाहून मला वाईट वाटतं, कारण ती ज्या झाडाखालून गेली त्या झाडावर कदाचित याहून मोठी गोष्ट बसलेली होती.

ती गोष्ट म्हणजे रानपिंगळा. १८७३ साली ॲलन ह्यूम यांनी या घुबडाची शास्त्रीय नोंद केली. १८८४ नंतर तो कुणालाच मिळाला नाही. मधल्या काळात एक नमुना मात्र १९१४ सालचा म्हणून दाखवला जात होता, तो कर्नल रिचर्ड मेनर्ट्झहागेन यांच्या संग्रहातला. अमेरिकेच्या पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो तपासला तेव्हा उघड झालं की तो ब्रिटिश म्युझियममधून चोरलेला जुना नमुना होता, जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात मिळवलेला, आणि वरची चिठ्ठी खोटी होती. म्हणजे त्या चिठ्ठीवर विसंबून जे पूर्वी शोधायला गेले ते चुकीच्या ठिकाणी शोधत होते. खोटी नोंद बाजूला काढून खऱ्या नमुन्यांच्या जागा धरत रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट सातपुड्याच्या पायथ्याला आले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ भर उजेडात रानपिंगळा त्यांच्यासमोर बसलेला होता. ११३ वर्षं मेलेला समजला गेलेला पक्षी. पुढे तो मेळघाटात सापडला, पलीकडे खंडव्याच्या जंगलातही सापडला. हा दिवसा हिंडणारा, सागाच्या विरळ रानात बसणारा पक्षी आहे. त्याला शोधायला रात्र जागवावी लागत नाही, फक्त गाडीतून उतरून थांबावं लागतं. मारुती चितमपल्लींसारखे वनाधिकारी याच मेळघाटात नोकरी करून गेले, आणि मराठी वाचकाला जंगलात थांबायला शिकवण्याचं मोठं काम त्यांच्या लेखणीने केलं. त्या शिकवणीचा वारसा या पुस्तकातल्या पक्ष्यांवरच्या प्रकरणांत जाणवतो.

आता माणसांकडे येतो, कारण खरी श्रीमंती तिथे आहे.

कोरकू ही भाषा ऑस्ट्रोएशियाटिक कुळातली. या कुळाच्या मुंडा शाखेतल्या तिच्या बहिणी संथाली, मुंडारी, हो या झारखंड-ओडिशाकडच्या. त्याच कुळाच्या दुसऱ्या फांद्यांवर मेघालयातली खासी, म्यानमारमधली मोन, कंबोडियाची ख्मेर, आणि व्हिएतनामी. या अवाढव्य कुळाचं पश्चिमेकडचं शेवटचं घर म्हणजे आपला सातपुडा. २०११ च्या जनगणनेत कोरकू बोलणारे सात लाखांवर निघाले, तेही दोन राज्यांत विभागलेले. त्यामुळे दोन्हीकडच्या शाळांत ती दुसऱ्या क्रमांकाचीही भाषा नाही. महाराष्ट्रातल्या कोरकू मुलाला शाळेत मराठी येते, मध्य प्रदेशातल्या त्याच्या मामेभावाला हिंदी. घरी आले की दोघे कोरकूत बोलतात. दोन सरकारांनी मिळून या भाषेसाठी एक तरी गोष्ट केली असती तर बरं झालं असतं असं मला मनापासून वाटतं.

आणि याच डोंगराच्या पश्चिम अंगाला, बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यात, निहाली बोलणारी मोजकी गावं आहेत. निहालीला जगात कुणी नातेवाईक नाही. तिने कोरकूतून, मराठीतून, द्राविडी भाषांतून पुष्कळ शब्द घेतले, पण ते बाजूला काढले तर मागे जे उरतं ते कुठल्याच कुळात बसत नाही. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणात तिची नोंद आहे. डच पंडित कायपर यांनी १९६२ साली तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. हजारांत मोजावे एवढेच तिचे बोलणारे उरले आहेत. नागपूरहून शेगावला जाणाऱ्या आपल्या लाखो भाविकांना ठाऊक नसतं की गजानन महाराजांच्या दर्शनापासून गाडीने थोड्याच अंतरावर, सातपुड्याच्या पायथ्याशी, मानवी भाषांच्या इतिहासातलं इतकं मोठं कोडं राहतं.

कोरकूच्या आग्नेय आशियाशी असलेल्या भाषिक नात्यामुळे मला एक तुलना टाळता येत नाही. हल्ली नागपुरातून व्हिएतनाम, थायलंड, लाओसला जाणारी कुटुंबं पुष्कळ झाली आहेत. तिथल्या उत्तरेच्या डोंगरात, चीन-म्यानमार-लाओस-व्हिएतनाम यांच्या सीमांच्या गुंत्यात, जे लोक राहतात त्यांच्याविषयी विलेम व्हान शेंडेल आणि नंतर जेम्स स्कॉट या अभ्यासकांनी एक मांडणी केली. स्कॉट यांचं पुस्तक २००९ चं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की डोंगरातले लोक मागे राहिलेले नाहीत. खालच्या राज्यांचा सारा, वेठबिगार आणि लढाया चुकवण्यासाठी ते पिढ्यान् पिढ्या वर सरकत गेले आणि त्यांची शेती, वस्ती, समाजरचना त्याच हिशेबाने घडली. सगळ्या अभ्यासकांना हे पटलेलं नाही. मलाही ते गाविलगडाला जसंच्या तसं लावायचं नाही. पण डोंगराकडे पाहण्याची एक खिडकी त्यातून उघडते, आणि मेळघाटातल्या प्रत्येक जुन्या वाटेवर ती उपयोगी पडते.

त्या डोंगरांत पर्यटनाचं काय झालं ते पाहण्यासारखं आहे. व्हिएतनामच्या सा पा गावात २०१६ साली फान्सिपान शिखरावर जाणारी सहा किलोमीटरहून लांब केबल कार सुरू झाली. ३१४३ मीटरचं शिखर, जे चढायला पूर्वी हमाँग वाटाड्याबरोबर दोन दिवस लागायचे, ते काही मिनिटांच्या अंतरावर आलं. थायलंडच्या माए होंग सोन भागात म्यानमारमधून निर्वासित म्हणून आलेल्या कायान बायका, गळ्यात पितळेची कडी घालणाऱ्या, तिकीट लावून दाखवल्या जाऊ लागल्या. २००८ साली संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने त्यावर जाहीर आक्षेप घेतला. आणि तिसरीकडे, लाओसच्या लुआंग नामथा प्रांतात, १९९९ साली युनेस्कोच्या मदतीने नाम हा नावाच्या राखीव जंगलात एक वेगळा प्रयोग सुरू झाला. वाटाडे गावातलेच, गट लहान, मुक्काम गावाने ठरवलेल्या घरात आणि पैशातला वाटा गावाच्या निधीत. त्या गावांतली पुष्कळ माणसं ख्मू आहेत, आणि ख्मू भाषा कोरकूच्याच कुळातली आहे. अडीच हजार किलोमीटरवरच्या या दोन भाऊबंदांपैकी एकाने पाहुण्याशी आपल्या अटींवर बोलायला सुरुवात केली. दुसऱ्याच्या बाबतीत काय चाललं आहे?

चिखलदऱ्याला दरीवर काचेचा स्कायवॉक बांधायला घेतला गेला, ४०७ मीटरचा. तो पाहायला गर्दी होईल यात मला शंका नाही. माझा प्रश्न त्या गर्दीच्या पैशाचा आहे. सा पाच्या केबल कारने एक गोष्ट स्पष्ट केली: पाहुणा जितक्या झपाट्याने वर पोचतो तितका तो वाटेतल्या माणसाला कमी भेटतो आणि त्याचा पैसा वाटेत कमी थांबतो. चिखलदऱ्यात थांबलेला पर्यटक दहा किलोमीटरवरच्या कोरकू गावात गेला नाही, तिथला खवा त्याने घेतला नाही, तिथल्या पोरीने विणलेली बांबूची टोपली त्याच्या हाती आली नाही, तर डोंगराला त्याच्या येण्याचा काय उपयोग? लवाद्याला सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभं केलेलं संपूर्ण बांबू केंद्र आहे. कोरकू तरुणांना बांबूतून रोजगार मिळावा म्हणून या दोघांनी मेळघाटातच घर केलं. अचलपूर तालुक्यातल्या पायविहीर गावाने तर वनहक्क कायद्याने मिळालेला सामूहिक हक्क हातात घेऊन बोडका डोंगर हिरवा केला, तिथली सीताफळं गावाच्या नावाने शहरात विकली, आणि २०१४ साली जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. नाम हाच्या तोडीचं काम आपल्या घराजवळ झालं आहे. त्याची सहल कुणी काढत नाही, एवढंच.

सीमेचा मुलूख नेहमी लढायांचाही असतो. चिखलदऱ्याजवळचा गाविलगड हा नागपूरकर भोसल्यांचा किल्ला. बहामनी सुलतान अहमदशहाने पंधराव्या शतकात तो बांधला, पुढे इमादशाहीने वाढवला. २९ नोव्हेंबर १८०३ ला अडगावच्या लढाईत हार झाल्यावर भोसल्यांची फौज वर चढली. आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे वॉटर्लू जिंकणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, मागे आला. दक्षिणेकडून किल्ला घेणं अशक्य, हे त्याने ओळखलं. म्हणून कर्नल स्टीव्हन्सनची फौज डोंगराला वळसा घालून उत्तरेला गेली. तोफा हातांनी ओढत, रस्ता स्वतःच तयार करत. १५ डिसेंबरला खिंडार पडलं, किल्लेदार बेनीसिंह लढता लढता पडला, आणि दोन दिवसांनी देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड त्या तहाने गेला, पण गाविलगड आणि नरनाळा रघुजी भोसल्यांकडेच राहिले. चिखलदऱ्याला येणाऱ्या नागपूरकराने गडाच्या दिल्ली दरवाजावरची कोरलेली शिल्पं जरूर पाहावीत. पण त्याआधी उत्तरेच्या बाजूने, जिकडून तोफा आल्या त्या बाजूने, एकदा गडाकडे पाहावं. त्या वाटेवरची गावं कोरकू आणि गवळी लोकांची. तोफा ओढणाऱ्या फौजेला धान्य कुणी दिलं, कुणी लपवलं, कोण जंगलात पळालं, याची नोंद वेलस्लीच्या पत्रांत नाही.

आणखी एक इतिहास तर अगदी अलीकडचा. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातल्या गावांचं पुनर्वसन २००० नंतर सुरू झालं. कोहा, कुंड, बोरी ही पहिली गावं खाली अकोट तालुक्यात गेली. त्यामागून वैराट, चुर्णी आणि इतर. सफारीच्या गाडीतून आज जी सुंदर गवताळ मैदानं दिसतात, ज्यांत सांबर आणि गवा चरताना आपण फोटो काढतो, त्यांतली कित्येक या गावांची शेतं होती. काही ठिकाणी आंब्याची आणि मोहाची झाडं अजून रांगेने उभी आहेत. जंगलात झाड रांगेने उगवत नाही. वाघाला जागा मिळाली हे चांगलंच झालं. माणसांना खाली गेल्यावर काय मिळालं आणि काय मिळालं नाही, हेही प्रवाशाने विचारायला हवं. गाईडला विचारलं तर तो सांगतो, कारण पुष्कळदा त्याचेच मामा-काका त्यांत असतात. कुपोषणाच्या बातम्यांनी १९९० च्या दशकात मेळघाटाचं नाव देशभर पोचलं, आणि त्या नावाला अजून तोच वास चिकटून आहे. बैरागडच्या डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी आयुष्य तिथे घालवलं, २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्यासारख्यांच्या कामाचा आदर मला आहेच. तरीही वाचकाला विनंती अशी की मेळघाटात दया घेऊन जाऊ नका. तिथली माणसं आपल्याकडून दयेची वाट पाहत बसलेली नाहीत.

कोरकू गाव पाहिलेला माणूस हे लगेच समजेल. मधे रुंद, झाडून काढलेला रस्ता आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर घरांच्या दोन सरळ ओळी. भिंती बायकांनी सारवलेल्या, रंगाच्या पट्ट्या ओढलेल्या. गावाच्या सुरुवातीला मुठवा देव. गेलेल्या माणसांसाठी सागाच्या लाकडाचे कोरीव खांब उभारतात, त्यांना मुंडा म्हणतात. सूर्य, चंद्र, घोडेस्वार कोरलेले. ज्या विधीने ते उभारले जातात त्या सिडोलीला सगळं गोत जमतं, सीमेपलीकडचंही. पूर्वजांच्या नावाने लाकूड कोरण्याची ही परंपरा जाणकाराने एकदा नीट, खांबाखांबाने, नोंदवून ठेवायला हवी, कारण खांब लाकडाचे आहेत आणि पावसाळे मोठे आहेत.

आणि होळी. वऱ्हाडात पोळा मोठा, कोकणात गणपती. मेळघाटात वर्ष होळीला संपतं आणि होळीलाच सुरू होतं. मजुरीसाठी अमरावती, अकोला, इंदूर, कुठे कुठे गेलेला प्रत्येक जण त्या दिवशी परत येतो. पाच दिवस गावं नाचतात. गदली-सुसून हा नाच बायकांचा, सावकाश, एका लयीत. रस्त्यावर दोर किंवा बांबू आडवा धरून बायका आणि मुलं गाड्या थांबवतात आणि फगवा, म्हणजे सणाचे पैसे, मागतात. त्याच दिवसांत मेघनाथाच्या उंच खांबाभोवती जत्रा भरतात. रावण आणि मेघनाथ यांना कोरकू लोक मान देतात, आणि हे ऐकून दचकणाऱ्यांनी आपलं रामायण किती घरांतून किती प्रकारे सांगितलं गेलं ते आठवावं. फगव्याला काही जण खंडणी समजून काचा वर करून बसतात. ती खंडणी नाही. आपण त्यांच्या सणातून, त्यांच्या दारातून, गाडी चालवत निघालेले असतो.

सीमेच्या आरपार चालणारे प्रवास तसे आपल्याकडे नवीन नाहीत, आणि पुस्तकाचा उत्तरार्ध यासाठीच मला अधिक आवडला. परतवाड्याजवळ, मध्य प्रदेशच्या हद्दीत, धबधब्याच्या कड्यावर मुक्तागिरीची ५२ जैन मंदिरं आहेत. तिथले यात्रेकरू मुख्यतः विदर्भातले. हद्दीच्या अलीकडे बहिरमची यात्रा, डिसेंबरच्या शेवटापासून जानेवारीभर. शेणाच्या गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, मातीच्या हंडीतलं मटण, थंडीत पेटलेल्या शेकोट्या. याच यात्रेत गाडगेबाबांनी पशुहत्येविरुद्ध कीर्तनं केली. आणि या सगळ्यांपेक्षा मोठी, नागपूरच्या घराघरांत पोचलेली ती महादेवाची यात्रा. शिवरात्रीला पचमढीच्या चौरागडाच्या पायऱ्या खांद्यावर त्रिशूळ घेऊन चढणारी माणसं उमरेडची, काटोलची, सावनेरची असतात. नागपंचमीच्या सुमारास, फक्त मोजके दिवस, पचमढीच्या जंगलातली नागद्वारीची वाट उघडते. मुसळधार पावसात, लोखंडी शिड्यांवरून, डोंगरामागून डोंगर. त्या वाटेवर विदर्भातली मंडळं तंबू टाकून येणाऱ्याजाणाऱ्याला जेवू घालतात. इंग्रज अमदानीतल्या गॅझेटियरांत नोंद आहे की महादेव डोंगरातल्या या देवस्थानांची वंशपरंपरागत राखण कोरकू घराण्यांकडे होती. शेकडो वर्षं विदर्भाचा शेतकरी कोरकूंच्या देवाला जातो आणि कोरकू त्याला वाट दाखवतो. सातपुड्यातलं हे आपलं सर्वांत जुनं पर्यटन. त्यात पाहुण्याने काय न्यायचं आणि काय आणायचं याचे नियम ठरलेले होते, आणि ते कुठल्या खात्याने ठरवलेले नव्हते.

कुकरूचं एक प्रकरण या संग्रहात छोटं आहे, ते मोठं असतं तर बरं झालं असतं. चिखलदरा हे विदर्भातलं कॉफी पिकणारं एकमेव ठिकाण म्हणून प्रसिद्ध. पण त्याच डोंगररांगेवर, थोडं उत्तरेला, बैतूल जिल्ह्यात, कुकरूलाही कॉफीचा मळा आहे. दोन राज्यांच्या दोन पर्यटन नकाशांत ही दोन गावं एकमेकांना दिसतच नाहीत. इकडचं पत्रक सीमेवर संपतं, तिकडचं तिथून सुरू होतं. खंडवा-अकोला मीटरगेज गाडी होती तोवर निदान ती तरी हा मुलूख शिवत जायची. धुळघाटाजवळ चढ काढण्यासाठी रूळ एक पूर्ण वळसा घेऊन स्वतःच्याच रुळांवरून जायचे, आणि डब्यातली पोरं खिडकीतून खालचा रूळ पाहायला धावायची. रुंदीकरणासाठी गाडी बंद झाली. व्याघ्र प्रकल्पातून रुंद रूळ न्यायचे की जळगाव जामोदच्या बाजूने, जंगलाबाहेरून, हा वाद वर्षानुवर्षं चालला. वाघाच्या बाजूने बाहेरचा मार्ग योग्य, असं माझंही मत आहे. मात्र गाडी बंद झाल्यावर त्या छोट्या स्टेशनांवर भाजी आणि मोहफुलं घेऊन चढणाऱ्या बायकांनी बाजाराला कसं जायचं, याचं उत्तर त्या वादात कुणी दिलेलं मी ऐकलेलं नाही.

पुस्तक हातात घेऊन निघणार असाल तर काही गोष्टी. पावसाळ्यात गाभ्याचं जंगल बंद असतं, त्या दिवसांत चिखलदरा आणि नरनाळ्याचा शहानूरकडचा पायथा पाहावा. थंडीत सेमाडोह आणि कोलकासला मुक्काम करावा, सिपनेच्या काठाने सकाळी चालत जावं, रानपिंगळ्यासाठी गावातलाच जाणकार माणूस बरोबर घ्यावा आणि त्याने मागितले तेवढे पैसे घासाघीस न करता द्यावेत. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखात्याच्या निसर्गानुभवात मचाणावर जागा मिळाली तर सोडू नये. आठवडी बाजाराचा वार आधी विचारून घ्यावा. ज्या दिवशी बाजार त्या दिवशी गाव रिकामं आणि बाजार भरलेला, म्हणजे जायचं बाजाराला. कुटकी, कोदो, सावा तिथे मिळतो, गवळ्यांचा खवा मिळतो. मुंडा खांबांना हात लावू नये, कुणाच्या घराचा फोटो विचारल्याशिवाय काढू नये, आणि होळीत जायचं असेल तर खिशात सुटे पैसे भरपूर ठेवावेत.

धंतोली, नागपूर